बाटली टाकाऊ नव्हतीच

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या दोन दिवस आधी वाशीम जिल्ह्यातल्या एका शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ'चं प्रदर्शन होतं आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तीन बाकं जोडून त्यांवर निळी चादर अंथरलेली, चादरीवर चाळीसेक काचेच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या. कुणी वारली काढली होती, कुणी मोरपीस, कुणी पैठणीचा काठ. एका बाटलीवर कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल होता. बुचातून आत बारीक दिव्यांच्या तारा सोडल्या होत्या. शिपायानं खिडक्या लावून घेतल्या तशी सगळी ओळ उजळली आणि मुलींच्या तोंडून एकदम 'हाऽऽ' निघालं. मुलींचे हात चांगले होते. काही रेषा इतक्या नेमक्या होत्या की मला तिथून हलावंसं वाटेना.

मग भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यांच्या बोलण्याचं सार असं : या बाटल्या उकिरड्यावर गेल्या असत्या, मुलींनी त्या वाचवल्या आणि पृथ्वीवरचा कचरा कमी केला. बचत गटांनी हे मनावर घेतलं तर घरबसल्या रोजगार मिळेल. आणि ज्या बाटलीनं संसार उद्ध्वस्त केले, तीच बाटली आता दिवा होऊन घर उजळते आहे, याहून मोठा विजय कोणता? टाळ्या झाल्या. मला दोन मिनिटं मिळाली, त्यांत मी मुलींचं कौतुक केलं आणि खाली बसले. पाहुण्यांचं नाव घेण्याची गरज नाही, कारण हीच तीन वाक्यं मी दरवर्षी, दर प्रदर्शनात, वेगवेगळ्या तोंडून ऐकते. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते आज सविस्तर लिहिते आहे.

आधी माझा अधिकार आणि माझा दोष दोन्ही सांगते. मी बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवलेली माझी मुलं आज कुठं कुठं आहेत. बाटली रंगवण्याचा उपक्रम माझ्या वर्गात मीही घेतला, एकदा नव्हे, सलग सहा वर्षं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा मखरं, देखावे, शाळेचे प्रकल्प सगळंच अडलं होतं. मोबाइलवर बाटल्यांचे व्हिडिओ फिरत होते, बाटली फुकट मिळत होती, काच म्हणजे प्लास्टिक नाही एवढ्यावर माझं समाधान झालं. निवृत्त होताना चित्रकलेच्या कपाटातून अशा चौतीस बाटल्या मी खोक्यात भरून घरी आणल्या. टाकवत नव्हत्या.

दोन वर्षांनी घर आवरताना ते खोकं भंगारवाल्यासमोर ठेवलं. त्याची हातगाडी आमच्या गल्लीतून दर मंगळवारी जाते. त्यानं आमच्या घरातल्या साध्या बाटल्या, सरबताच्या, सॉसच्या, बोटांत दोन-दोन उचलून पोत्यात टाकल्या. रंगवलेल्या बाटलीला हात लावला, उलटी करून बघितली, नख मारून बघितलं आणि बाजूला ठेवली. दुसरी, तिसरी, तशीच.

"बाई, हे नाई चालत."

"का रे? काचच तर आहे."

"काच हाय, पन आता हे बाटली नाई राहिली ना. रंगाची बाटली पुढं कोनीच घेत नाई. माल परत येते आन् भाडं माह्यावर बसते."

मी तिथं उभी राहिले आणि मला कळलं की चौतीस बाटल्यांचं मी काय करून ठेवलं आहे. त्या टाकाऊ नव्हत्या. एका माणसाचं त्यांवर पोट चालत होतं, त्यांना पुढं जायला ठरलेली वाट होती. आम्ही रंग लावला आणि ती वाट बंद केली. 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली माझ्या वर्गानं सहा वर्षं टिकाऊ वस्तू टाकाऊ केली होती. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

बाटलीची ती वाट नेमकी कशी असते, हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. बिअरची बाटली घ्या. जाड तपकिरी काचेची, साडेसहाशे मिलिलिटरची. ती तपकिरी असते कारण उजेडानं आतला माल बिघडतो. ही बाटली एकदा भरून फेकून द्यायला बनवलेली नसते. गल्लीतला भंगारवाला ती मोठ्या दुकानदाराला देतो, तिथं आकाराप्रमाणे आणि काचेच्या रंगाप्रमाणे बाटल्या निवडल्या जातात, पोती शिवली जातात, ट्रक भरतो. कारखान्यात गरम कॉस्टिक सोड्यात लेबल आणि मळ सुटतो, धुतलेली बाटली उजेडासमोर धरून तडा, टवका, आत अडकलेली घाण बघतात आणि चांगली निघाली तर ती पुन्हा भरतात. आपल्या देशात बिअरच्या बाटल्या पिढ्यानपिढ्या अशाच फिरत आल्या आहेत. यासाठी कुठलाही पर्यावरण दिन लागला नाही. ज्यांना आपण दारातून 'काय देतोस रे?' म्हणत दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, त्या माणसांनी हे चालवलं.

भरण्याजोगी नसलेली बाटली फुटते आणि तिचा चुरा भट्टीत जातो. काच म्हणजे वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी, साधारण दीड हजार अंश सेल्सिअसला वितळवलेली. चुरा नव्या मालापेक्षा कमी उष्णतेवर वितळतो. भट्टीत चुऱ्याचं प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढवलं की इंधन अडीच ते तीन टक्क्यांनी वाचतं. एक टन चुरा सुमारे १.२ टन कच्चा माल वाचवतो. आणि कागदाचा धागा जसा दर खेपेला आखूड होत जातो तसं काचेचं होत नाही. ती कितीदाही वितळवा, काचच राहते. इतकी गुणी वस्तू आपण हातात घेतो आणि म्हणतो, ही कचरा होती, मी वाचवली.

इथं एक आक्षेप येईल आणि तो चुकीचा नाही : भट्टीत दीड हजार अंशाला रंग जळूनच जाणार, मग अडचण कसली? पातळ ॲक्रिलिकचा हात मारलेली एखादी बाटली चुऱ्यात गेली तर आभाळ कोसळत नाही, हे मी मान्य करते. थंडपेयाच्या जुन्या बाटल्यांवर नाव छापलेलं असायचं, तेही काचेवर भाजलेलं असायचं. पण आपल्या बाटलीवर नुसता रंग असतो का? त्या प्रदर्शनातली विठ्ठलाची बाटली मी हातात घेऊन पाहिली. खाली फेविकॉलमध्ये कालवलेल्या खडूच्या भुकटीचा जाड थर, त्यावर शाडूसारख्या मळून लावायच्या मातीचा उठाव, त्यावर सोनेरी रंग, कपाळाला चिकटवलेला खडा, गळ्याला तांब्याची तार, सगळ्यावर वॉर्निश. खडा, चिनी माती, धातूची तार, हे काचेच्या भट्टीचे खरे शत्रू. चिनी मातीचा कपचा त्या उष्णतेला वितळतच नाही. तो नव्या बाटलीच्या अंगात गाठ होऊन बसतो आणि बाटली तिथंच तडकते. मुळात अशी बाटली भट्टीपर्यंत जातच नाही. बाटली धुऊन पुन्हा भरणाऱ्याला ती नको, आणि चुरा निवडणाऱ्याला रंगाखालची काच पांढरी की हिरवी हे दिसत नाही. नख मारून बघणाऱ्या त्या भंगारवाल्याला हे सगळं ठाऊक होतं. मी कलेची पदविका घेतलेली बाई, मला नव्हतं.

आतल्या दिव्यांच्या तारेचं काय? बुचाच्या आकाराच्या त्या डबीत मटाराच्या दाण्याएवढे तीन बटण सेल असतात. भाऊबीजेपर्यंत दिवे मंद होतात. सेल बदलायला डबीचं झाकण नखानं उघडत नाही, मग तार तशीच आत राहते, किंवा सेल काढून ओट्यावर ठेवले जातात. घरात रांगतं मूल असेल तर ओट्यावरचा सेल ही किती भयंकर गोष्ट आहे, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून जाळतो. कचरा कमी करायला निघालेल्या बाटलीत आपण घरातला सगळ्यांत वाईट कचरा घातला.

माझ्या लहानपणी बाटली कशी वापरली जायची ते आठवतं. रॉकेलची बाटली वेगळी, तिच्या गळ्याला सुतळीचा फास, रेशनच्या रांगेत ती बोटाला लटकवायची. गोड्या तेलाची वेगळी. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली घरूनच न्यायची. कंपाउंडर त्यात लाल मिश्रण भरायचा आणि बाटलीच्या अंगाला कागदाची पट्टी डकवायचा. पट्टीला कात्रीनं खाचा पाडलेल्या असायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. बरं वाटलं की बाटली राखेनं घासून फडताळात. झाकणाला भोक पाडून त्यातून चिंधीची वात काढली की तिचीच चिमणी व्हायची. त्या चिमणीच्या उजेडात वऱ्हाडातल्या किती पोरांनी अभ्यास केला असेल! ती काजळी धरायची, दिसायला काळीकुट्ट, पण तिला काम होतं. बाटलीला दुसरं काम देणं म्हणजे पुनर्वापर. शोकेसमध्ये उभी करून तिच्यावरची धूळ झटकणं याला मी तरी तो शब्द लावणार नाही.

आणि महाराष्ट्रानं काच सहजासहजी मिळवलेली नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून देशी उद्योग काढायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला. तिथं शिकलेल्या माणसांनी पुढं देशात ठिकठिकाणी भट्ट्या पेटवल्या. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला, त्याच्या नावानं ओगलेवाडी वसली, आणि तिथला प्रभाकर कंदील आमच्या वाशीमच्या खेड्यांतही खुंटीला टांगलेला होता. त्याची काच तडकली तर आजोबा तड्यावर कागदाची पट्टी चिकटवून ती आणखी एक पावसाळा चालवायचे. पैसा-पैसा गोळा करून काच बनवायला शिकलेल्या लोकांची आपण नातवंडं. काच कचऱ्यात जमा करायला आपल्याला कुणी शिकवलं?

रोजगाराच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही, कारण त्यात फार दम नाही. निवृत्तीनंतर एका बचत गटाला मी ही कला शिकवायला गेले होते, हिशोब माझ्या वहीत आहे. रंग, ब्रश, फेविकॉल, वॉर्निश, दिव्यांची तार हे सगळं विकत. एका बाटलीवर तीन तास, वाळायला वेगळा वेळ. सोयाबीन काढायला गेलं तर त्याच बाईला दिवसाची मजुरी हातात मिळते, आणि बाटलीला गिऱ्हाईक दिवाळीआधीचे फक्त आठ दिवस. आम्ही साठ बाटल्या केल्या, अकरा विकल्या, त्यांतल्या सात गटाच्या बायांच्या नातेवाइकांनी घेतल्या. उरलेल्या बाटल्या गटाच्या अध्यक्षांच्या माडीवर आहेत. शहरातल्या हौशी बाईनं चार बाटल्या रंगवून मैत्रिणींना दिल्या तर माझी काहीच हरकत नाही. पण ज्या जिल्ह्याला सरकारनंच आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, जिथली बाई दिवाळीच्या आधी पाठ मोडेस्तोवर सोयाबीन सोंगते, तिला हे उपजीविका म्हणून दाखवू नका. तिचे तीन तास फुकट जातात.

आता तिसरं वाक्य, दारूच्या बाटलीचा विजय. याच्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. मी सांगितलं होतं, सोमवारी प्रत्येकानं एक बाटली आणायची. सोमवारी निम्म्या वर्गाकडं बाटली नव्हती. या मुलीनं दप्तरातून पाच काढल्या. सगळ्या सारख्या, चपट्या, एकशे ऐंशीच्या. लेबलं ओली करून सोललेली, धुतलेल्या, पुसलेल्या. तिनं त्या बाकावर ओळीनं ठेवल्या आणि म्हणाली, "मॅडम, ज्यांनी नाही आणली त्यांना द्या. माझ्याकडं लय आहेत." वर्गातली मुलं खूश झाली. तीही खूश झाली, कारण त्या दिवशी तिच्याकडं सगळ्यांपेक्षा काहीतरी जास्त होतं. मी त्या बाटल्या वाटल्या. त्यावर कमळं काढायला शिकवली. तिची बाटली नोटीस बोर्डाच्या खालच्या फळीवर वर्षभर उभी होती.

ती मुलगी रोज घरी जाऊन काय बघत असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही. कमळाखाली काय झाकतो आहोत, हेही नाही. आज त्या सातवीच्या खोलीतला माझा गप्पपणा मला सलतो. म्हणून ज्या वेळी व्यासपीठावरून कुणी म्हणतं की दारूची बाटली दिवा झाली आणि घर उजळलं, त्या वेळी मी विचारते, कुणाचं घर? बाटली रंगवल्यानं त्या घरातली पुढची बाटली यायची थांबली का? उलट पोरीला वाटलं, बाबांच्या बाटल्या शाळेत कामाला येतात.

महाराष्ट्रातल्या बायांना बाटलीचं काय करायचं हे चांगलं ठाऊक आहे. त्यांनी तिला आडवं केलं. आपल्या राज्यात दारूच्या दुकानासाठी होणाऱ्या मतदानाच्या चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. नुसत्या हजर बायांतल्या निम्म्या चालत नाहीत, यादीतल्या निम्म्या लागतात. त्यासाठी बाया उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आहेत, माहेरी गेलेल्या लेकीसुनांना मतदानासाठी परत आणलं आहे, नवऱ्याचा मार खाऊन आल्या आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायांनी मोर्चे काढून २०१५ मध्ये ती आणली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. शेजारच्या यवतमाळात तर दारूबंदीची मागणी अजून जुन्या जखमेसारखी ठसठसते आहे. वाशीमलाही दारूच्या दुकानाविरुद्ध ग्रामसभेत हात वर करणाऱ्या बाया आहेत. एवढ्या कष्टानं आडवी केलेली बाटली आपण पुसून, सोनेरी करून, देवघराशेजारी पुन्हा उभी करतो. सौंदर्यशास्त्र बाजूला ठेवा, मला हे माणुसकीला धरून वाटत नाही.

कुणी म्हणेल, बाई फार टोकाला गेल्या, मुलांनी बाटलीवर चित्र काढलं तर एवढं काय बिघडलं? बिघडलं ते असं की खरी कचऱ्याची बाटली आम्ही कुणी उचललीच नाही. ती शेताच्या धुऱ्यावर आहे. ती पाझर तलावाच्या काठावर आहे, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडं जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाखाली आहे. रात्री बसलेल्यांनी दगडावर आपटून फोडलेली ती बाटली सोयाबीन सोंगणाऱ्या बाईच्या तळपायात जाते, बैलाच्या खुरात जाते, चरायला आलेल्या गाईच्या तोंडात जाते. तिला भंगारवाला नेत नाही, कारण काच जड, भाव कमी, आणि खेड्यातून शहरापर्यंत गाडीचं भाडंही सुटत नाही. काचेचा जिल्ह्यातला खरा प्रश्न हा आहे. प्रदर्शनातल्या चाळीस बाटल्या घरातल्या, स्वच्छ, अखंड होत्या. म्हणजे ज्यांना वाट होती त्या बाटल्या आम्ही अडवल्या, आणि ज्यांना वाट नव्हती त्या धुऱ्यावरच राहिल्या.

यावर उपाय नाही असं नाही. तमिळनाडूत निलगिरीच्या जंगलात फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापायचे. मद्रास उच्च न्यायालयानं त्यात लक्ष घातलं आणि २०२२ पासून तिथं प्रत्येक बाटलीवर दहा रुपये जास्त घेतात, रिकामी बाटली दुकानात परत दिली की दहा रुपये परत. बाटल्या परत येऊ लागल्या. पुढं ही पद्धत इतर जिल्ह्यांतही नेली. यात नवीन काय आहे? आपल्याकडं सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट ठेवून घ्यायची रीत होतीच. शाळेला प्रकल्प हवा असेल तर हा घ्या. आठवीच्या मुलांनी आपल्या गावात बाटल्या कुठं कुठं फोडल्या जातात त्याचा नकाशा काढावा, मोजदाद करावी, ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा की काचेचं एक पिंप ठेवा, महिन्यातून एकदा गाडी बोलवा. एवढं काम केलेल्या वर्गाला पहिलं बक्षीस द्यायला मी पदरचं भाडं खर्चून येईन.

आणि सजावट? मी सजावटीच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. ज्या वत्सगुल्मात, म्हणजे आपल्याच वाशीमला, संस्कृत कवी राजशेखरानं काव्यपुरुषाचं लग्न साहित्यविद्यावधूशी लावून दिलं, त्या गावची मी चित्रकला शिक्षिका आहे. नटणं-सजणं माझ्या रक्तात आहे. काचेचीच सजावट बघायची असेल तर मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जा. बंजारा आजीच्या फेटियाला आणि कांचळीला, म्हणजे घागऱ्याला आणि चोळीला, लावलेले आरसे बघा. एकेका आरशाभोवती दोऱ्याचं कडं विणून तो कापडात बसवलेला असतो. कापड विरलं की आजी आरसे उसवून घेते आणि नातीच्या कापडाला लावते. मी एका घरी असा आरसा पाहिला, त्याची कड झिजून गुळगुळीत झालेली, मागचा पारा एका बाजूनं उडालेला. ती म्हणाली, हा तिच्या सासूच्या आईचा. दिवाळीच्या अमावास्येला तांड्यावरच्या कुवार पोरी हातात दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागत फिरतात, दुसऱ्या दिवशी रानातून फुलं आणून शेणाच्या गोधनावर वाहतात. त्या सगळ्या सणात टाकून द्यायला काही उरत नाही. फुलं शेणात, शेण शेतात.

म्हणून माझं म्हणणं मुलींनी हात आखडता घ्यावा असं नाही. कुंभाराच्या साध्या पणत्या घ्या, त्या रंगवा, फुटली तरी ती माती आहे. आकाशकंदील करा. आणि बाटलीच रंगवायची असेल तर दोन गोष्टी करा. आधी ती भंगारवाल्याला दाखवा. त्यानं नाकारलेली, ओठाला टवका गेलेली, वेड्यावाकड्या आकाराची असेल, तर ती खुशाल तुमची, हवा तो रंग लावा. त्यानं घेतली असती अशी असेल, तर धुऊन निघेल असाच रंग लावा. आपल्या आज्या भिंतीला जो लावायच्या तोच, गेरू आणि चुना. मैद्याची पातळ खळ करून त्यात गेरू कालवला की काचेवर छान धरतो. त्यावर काडीनं चुन्याचे टिपके द्या. ती बाटली दिवाळीभर ओसरीवर राहते. फक्त पाण्यापासून जपावी लागते.

गेल्या दिवाळीत शेजारच्या चार पोरींना घेऊन मी हे केलं. नऊ बाटल्या. तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात मोठी बादली भरली, त्यात बाटल्या बुडवल्या. पोरींनी हातानं चोळल्या, पाणी विटकरी झालं, तळाशी चुना बसला. ते पाणी तुळशीच्या बाजूच्या जास्वंदीला घातलं. त्याच वेळी माझं जुनं खोकं काढलं. ॲक्रिलिकच्या चौतीस बाटल्या गरम पाण्यात सोडा टाकून रात्रभर भिजत ठेवल्या, सकाळी चाकूच्या पाठीनं खरवडल्या. माझ्या अंगठ्याची कातडी निघाली. काहींवरचा पातळ रंग सालीसारखा सुटला. ज्यांवर मातीचा उठाव होता त्या काही केल्या सुटेनात.

मंगळवारी भंगारवाला आला. गेरूच्या नऊ त्यानं बघितल्यासुद्धा नाहीत, सरळ पोत्यात टाकल्या. खरवडलेल्यांतली एकेक उन्हासमोर धरली, बोट फिरवलं, एकवीस घेतल्या. तेरा परत माझ्या हातात दिल्या. त्यांत सातवीतल्या त्या मुलीची कमळाची बाटली होती, ती मी खोक्यात परत ठेवली.